जर्मनीचं भिंग, परभणीचं ऊन

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीच्या पोराला शिकवावी लागत नाही. ती कौतुकाची आहे की टिंगलीची, यावर पुण्यातल्या हॉस्टेलांमध्ये आम्ही रात्री जागवल्यात. गेल्या चार-पाच वर्षांत मात्र ती शब्दशः खरी झालीय. परभणीतल्या कुठल्याही मोठ्या मोबाइलच्या दुकानात जा. काचेखालच्या महागड्या फोनच्या पाठीवर ‘झाइस’ असं नाव दिसेल, शेजारच्यावर ‘लायका’. पहिली ही 1846 साली येना गावात सुरू झालेली भिंगांची पेढी. दुसरीनं 1925 मध्ये सिनेमाच्या 35 मिलिमीटर फिल्मवर चालणारा छोटासा कॅमेरा बाजारात आणला आणि फोटोग्राफरला तिपाईपासून सोडवून रस्त्यावर आणलं. दोन्ही अस्सल जर्मन. त्या फोनात काच किती त्यांची आणि नाव किती त्यांचं, हा प्रश्न दुकानात विचारायचा नसतो. जर्मनी परभणीत आलीय आणि हप्त्यावर मिळते, एवढं पुरे.

माझं भांडण इथून सुरू होतं. भिंग आलं, पण ते वापरायचं कसं हे त्याच्यासोबत आलं नाही. उलट, शिकायची गरजच नाही, फोन सगळं आपोआप करतो, असं आपल्याला सांगण्यात आलं आणि आपण ते मुकाट मान्य केलं. हे ‘आपोआप’ आपल्याला फार महागात पडतंय.

2024 च्या पोळ्याला, म्हणजे 2 सप्टेंबरला, परभणी जिल्हा पाण्यात होता. आदल्या दिवसापासून लागलेल्या पावसानं ओढ्यांच्या नद्या झाल्या आणि नद्या गावात शिरल्या. पाथरी तालुक्यातल्या आमच्या गावी काकांचं चार एकर सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभं होतं. बैल धुवायला ओढ्यावर न्यायची गरजच पडली नाही, असं काका नंतर म्हणाले. म्हणताना हसले नाहीत.

पीक विम्यात तेव्हा नियम होता की नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत कळवायचं, आणि ॲपमधून कळवताना फोटो जोडायचा. पाऊस उघडल्यावर काकांचा मुलगा, वय वर्षं 19, संध्याकाळी बांधावर गेला. त्यानं अकरा फोटो काढले आणि मला व्हॉट्सॲपवर पाठवले. “दादा, बघ बरं. भारी आलेत.”

खरंच भारी आले होते. आभाळ नारंगी, ढगांना सोनेरी कडा, पाण्यात त्या ढगांचं प्रतिबिंब आणि त्यातून डोकं वर काढलेलं हिरवंगार सोयाबीन. मूळ पानं पिवळी पडायला लागली होती, हे त्यानं मला फोनवर सांगितलं म्हणून कळलं. त्यातला एक फोटो त्यानं स्टेटसला ठेवला तर नातेवाइकांनी खाली लाल बदाम टाकले. काकांनी मोबाइल लांब धरून ते फोटो पाहिले आणि म्हणाले, “इतकं छान तर माझं वावर कवाच नव्हतं.”

दावा पुढे कुठे गेला ती वेगळी कथा आहे आणि तिचं खापर मी या अकरा फोटोंवर फोडणार नाही. पण त्यातल्या एकाही फोटोत नुकसान नव्हतं, हे खरं. वावर त्यात होतं, पाणी होतं, सूर्यास्त तर होताच. नुकसान कुठे गेलं?

ते फोननं काढून टाकलं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. फोनला कुणीतरी सांगून ठेवलंय की माणसाला सुंदर फोटो हवा असतो. बटण एकदा दाबलं तरी फोन झरझर अनेक फोटो घेतो, काही अंधारे, काही उजळ, आणि त्यांची गोधडी शिवून एकच आपल्या हातात देतो. म्हणून आभाळही जळत नाही आणि जमीनही काळी पडत नाही. त्यावर ‘हे दृश्य शेताचं दिसतंय’ असं ओळखून तो हिरवा रंग गडद करतो. सेटिंगमध्ये याला ‘एआय कॅमेरा’ किंवा ‘सीन ऑप्टिमायझर’ म्हणतात आणि पुष्कळ फोनांत तो खोक्यातून बाहेर येतानाच चालू असतो. 2023 च्या मार्चमध्ये एकानं गंमत केली. चंद्राचा फोटो मुद्दाम पुसट करून संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीत अंधार केला आणि दुरून सॅमसंगच्या फोननं त्याचा फोटो काढला. पडद्यावर नसलेले डाग आणि विवरं फोटोत उमटली. चंद्र ओळखून त्याचा तपशील वाढवणारी सोय फोनात आहे, हे कंपनीनंही मग समजावून सांगितलं. जो फोन पुसट चंद्राला विवरं देतो, त्यानं पिवळ्या सोयाबीनला हिरवी पानं दिली तर नवल काय!

कुणी म्हणेल, कॅमेरा खोटं बोलत नाही असं कधी होतं? बरोबर आहे. डिजिटल फोटो मुळातच अर्धाअधिक अंदाज असतो. सेन्सरवरचा प्रत्येक कण लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. बाकीचे दोन शेजाऱ्यांकडे बघून ठरवले जातात. कोडॅकमधल्या ब्राइस बायरची ही मांडणी, पेटंट 1976 चं. म्हणजे कुठल्याही फोटोतला दोन तृतीयांश रंग हिशेबानं भरलेला असतो. पण शेजाऱ्यांकडे बघून अंदाज बांधणं वेगळं आणि गिऱ्हाइकाला काय आवडेल ते बघून अंदाज बांधणं वेगळं. पहिला तलाठी, दुसरा मंडपवाला.

आता हे कुणासाठी महत्त्वाचं आहे? हौशी लोकांसाठी नाही. आपल्याकडे कॅमेरा ही हौस उरलेलीच नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पीक नोंदवायला शेतकऱ्यानं आपल्या गटात उभं राहून फोटो काढायचा, असं ठरलं. रोजगार हमीच्या मोठ्या कामांवर 2022 च्या मे महिन्यापासून आणि पुढच्या जानेवारीपासून जवळजवळ सगळ्याच कामांवर, मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोटोनं लागू लागली. म्हणजे फोटो नाही तर हजेरी नाही, आणि हजेरी नाही तर मजुरी नाही. काही ठिकाणी जित्या मजुरांऐवजी जुन्या फोटोचाच फोटो काढून चढवला जातो, हे केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानं 2025 च्या जुलैत आपल्याच पत्रात लिहिलं. जिंतूरपासून पालमपर्यंत नऊ तालुक्यांतल्या माणसाच्या पीक, पगार आणि पंचनाम्यावर आज कॅमेऱ्याचा शिक्का लागतो. सरकारनं कॅमेरा सक्तीचा केला, पण कॅमेऱ्याचं शिक्षण कुठेच सक्तीचं नाही. अंगठा टेकवणाऱ्याला सही शिकवायला या राज्यानं साक्षरतेच्या मोहिमा काढल्या. फोटोच्या बाबतीत आपण अजून अंगठाबहाद्दर आहोत, आणि आपल्याला तसंच ठेवण्यात सगळ्यांची सोय आहे.

दहावीच्या विज्ञानात ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ असा अख्खा धडा आहे. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर, किरणाकृती, सगळं आहे. पोरं पट्टी-पेन्सिलीनं किरण काढतात, बाणांची टोकं विसरतात, मार्क कापले जातात. आणि हे चालू असताना त्याच धड्यातली तीन-चार भिंगं दप्तरात बंद करून पडलेली असतात, कारण वर्गात मोबाइलला बंदी. बंदीला माझी हरकत नाही. पण वर्षातून एक तास, एकच तास, ते भिंग बाहेर काढून बघितलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?

शाळेबाहेर शिकवणारे भरपूर आहेत, आणि माझा राग खरा त्यांच्यावर आहे. यूट्यूबवर ‘फोटोग्राफी शिका मराठीतून’ असं शोधा. पहिल्या पाच मिनिटांत एक त्रिकोण येतो: ॲपर्चर, शटर, आयएसओ. त्रिकोण खरा आहे, पण तो लाखभराच्या कॅमेऱ्याचा आहे. भिंगातून उजेड आत येण्याचं दार म्हणजे ॲपर्चर. ते दार किती वेळ उघडं ठेवायचं ते शटर. आत आलेल्या उजेडाचा आवाज किती मोठा करायचा ते आयएसओ. मोठ्या कॅमेऱ्यात तिन्ही तुमच्या हातात असतात. जवळजवळ सगळ्या फोनांत मात्र दार पक्कं बसवलेलं असतं. पाठीवर एफ/1.8 लिहिलं असेल तर ते मरेपर्यंत एफ/1.8. त्रिकोणाची एक बाजू तुमच्याकडे नाहीच, हे शिकवणारा सांगत नाही, आणि शिकणारं पोर महिनाभर सेटिंगमध्ये ॲपर्चर शोधून शेवटी ‘आपल्याला हे जमणार नाही’ म्हणून सोडून देतं.

मग पोर्ट्रेटमध्ये मागचं धूसर होतं ते काय? तो हिशेब आहे. फोन माणसाची कड शोधतो आणि बाकीच्यावर बोळा फिरवतो. म्हणूनच पोळ्याच्या फोटोत बैलाचं एक शिंग स्पष्ट आणि दुसरं धुक्यात जातं, आणि आजीच्या पदराची किनार मधेच खाल्ली जाते. स्टेटससाठी ठीक. पुरावा म्हणून काढत असाल तर पोर्ट्रेट बंद.

उरलं शटर आणि आयएसओ. फोन या दोघांत सतत तडजोड करत असतो. परभणीच्या भर उन्हात त्याला चिंता नसते. सेकंदाच्या चार हजाराव्या भागात त्याचं काम होतं, धावत्या बैलाच्या खुराखालची ढेकळं हवेत थिजतात. अंधार पडला की दार जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, हात हलतो, चित्र फराटतं. मग तो आवाज वाढवतो, आणि जुन्या रेडिओचा आवाज वाढवल्यावर खरखर वाढावी तसे फोटोत दाणे येतात. उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. कोपरं छातीला टेकवा, नाहीतर फोन विजेच्या खांबाला किंवा बैलगाडीच्या जुवाला टेकवा. आणखी एक. लग्नाच्या मंडपातल्या व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात ना, त्यात फोन बिघडलेला नसतो. आपली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते, दिवे 100 वेळा मिणमिणतात. प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात.

मेगापिक्सेलवर मी फार वेळ घालवणार नाही. 1975 मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं पहिला डिजिटल कॅमेरा जोडला तेव्हा त्यात दहा हजार कण होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे. आज खोक्यावर 20 कोटी लिहितात. मात्र तो फोन नेहमीच्या फोटोत सोळा-सोळा कण एकत्र करून साधारण सव्वा कोटींचाच फोटो देतो, कारण एवढुशा सेन्सरवरच्या एवढुशा कणाला एकट्यानं उजेड पुरत नाही. आणि ‘एक इंची सेन्सर’ म्हणून जो मिरवतो तो कर्णातही 16 मिलिमीटरच भरतो. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या बाहेरच्या मापावरून पडलेलं ते नाव. कापसाच्या काट्यावर असं माप चालवून बघा, मानवतच्या बाजारात काय होतं ते.

कापूस निघालाच आहे तर खरी गोष्ट सांगतो. या अख्ख्या लेखातलं तुम्ही एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा भाग मुळात एक गृहीत धरून चालतो: समोरचं जग सरासरी करड्या रंगाचं आहे. आजचे फोन चेहरा ओळखतात, दृश्य ओळखतात, तरी ही जुनी खोड पुरती गेलेली नाही. आणि आपलं जग करडं नाही. आपली माती काळी आणि आपलं पीक पांढरं. काळ्या रानाचा फोटो घ्यायला गेलात की फोनला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो, माती राखाडी होते आणि तीत उभ्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडतो. फुटलेल्या कापसाचा फोटो घ्यायला गेलात की त्याला वाटतं उजेड जास्त झालाय. तो कमी करतो, आणि एक नंबरचा कापूस पावसात भिजल्यासारखा मळकट दिसतो. व्यापाऱ्याला आधी फोटो पाठवून भाव विचारणाऱ्यांनी याचा विचार करावा.

इलाज बोटाच्या टोकावर आहे. पडद्यावर जे महत्त्वाचं आहे तिथे बोट टेकवा. बऱ्याच फोनांत शेजारी छोटा सूर्य उगवतो. काळ्या मातीसाठी तो खाली ओढा, पांढऱ्या कापसासाठी वर. उलटं वाटतं, उजळ वस्तूला आणखी उजेड कशाला? पण फोननं जे चोरलं तेच तुम्ही परत घेताय. बोट थोडा वेळ दाबून धरलं की फोकस आणि उजेड बहुतेक फोनांत तिथेच कुलूपबंद होतात. माझ्या चुलतभावानं त्या संध्याकाळी आभाळाकडे पाठ करून, बोट सोयाबीनच्या पानावर ठेवून आणि तो एआय बंद करून फोटो काढला असता, तर पिवळं पिवळं दिसलं असतं. सूर्यास्त हुकला असता. बदामही आले नसते.

बोंडअळीचंही तसंच. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हापासून गावागावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अळीचे फोटो फिरतात. परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, सल्ला देणारी जाणती माणसं आहेत. पण फोटोत काय असतं? एक गुलाबी डाग आणि मागे लख्ख स्पष्ट अंगठा. आपण अळी मोठी दिसावी म्हणून फोन तिच्या अंगावर नेतो, आणि भिंगाला ठरावीक अंतराच्या आत स्पष्ट दिसतच नाही.  वीतभर मागे या, दुप्पट झूम करा, अळीवर बोट टेका, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो. त्याआधी भिंग दस्तीनं पुसा. निम्मे धुरकट फोटो हवामानामुळे नसतात, खिशातल्या तेलकट हातामुळे असतात. हे लिहिताना मला लाज वाटते इतकं ते साधं आहे, पण सांगितलं कुणी?

आता चेहऱ्याकडे येतो. पुढच्या कॅमेऱ्यातला ‘ब्यूटी’ हा प्रकार कितीतरी फोनांत न विचारता चालू असतो. तो कातडी गुळगुळीत करतो, गाल आत घेतो आणि रंग उजळतो. याला मोठा इतिहास आहे. कोडॅकच्या प्रयोगशाळा रंग जुळवायला गोऱ्या बाईचं छापील चित्र वापरायच्या, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. गोरी कातडी हीच बरोबर कातडी, बाकीच्यांनी फिल्मशी जुळवून घ्यावं. पुढे सुधारणा झाली, तीही चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांनी आमचे तपकिरी रंग नीट येत नाहीत अशी तक्रार केल्यानंतर. काळ्या माणसाच्या तक्रारीला तेवढं वजन नव्हतं. आता फिल्म नाही, पण शर्ली आपल्या पुढच्या कॅमेऱ्यात मुक्कामाला आहे. आमच्या घरातल्या एका मुलीचा बायोडाटासाठीचा फोटो असाच उजळून निघाला. पाहुणे बघायला आले, तिनं चहाचा ट्रे आणला, आणि पाहुण्यांतल्या बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, “मुलीला बोलवा की.” तिनं ट्रे ठेवला. आम्ही हसण्यावारी नेलं. ती नंतर कितीतरी दिवस फोटोत येत नव्हती. सेटिंगमधलं ते बटण शून्यावर आणायला चार सेकंद लागतात. आणि सावळा चेहरा नीट यायला क्रीम लागत नाही, जागा लागते. दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. दोन पावलं लिंबाच्या सावलीत या, तोंड उघड्या आभाळाकडे करा, मागे कडक ऊन येऊ देऊ नका. बस.

मोठे कॅमेरे घेऊन आपल्याकडे येणाऱ्यांचंही एक देणं आहे. मराठवाडा म्हटलं की वर्तमानपत्रात काय छापून येतं? भेगाळलेली जमीन आणि तीत उकिडवा बसलेला, डोक्याला हात लावलेला म्हातारा. कारण त्या भेगा छान दिसतात, आडव्या उन्हात तर फारच. पण काळ्या मातीला दरवर्षी भेगा पडतात! तिच्यातली चिकण खनिजं पाणी प्यायली की फुगतात आणि वाळली की आकसतात. दुधना दुथडी वाहिलेल्या वर्षीही पुढच्या एप्रिलात आमच्या रानात हात जाईल एवढी भेग असते. त्या भेगांत सुटी माती पडून वरची खाली जाते, जमीन स्वतःचीच उलथापालथ करते, आणि जुनी माणसं तिला चांगलीच मानतात. म्हणजे ज्या चित्रानं आमचा दुष्काळ देशाला ‘दाखवला’, ते दुष्काळाचं चित्र असेलच असं नाही. दुष्काळ खरा होता, आहे. पण तो हंड्यांच्या रांगेत आणि विकायला काढलेल्या जनावरांच्या दावणीत होता. भेगेचा फोटो काढणं सोपं होतं. दुसऱ्यानं काढलेल्या आपल्या फोटोवर राग येत असेल तर आपण स्वतः बरा फोटो काढायला शिकणं, याशिवाय मला दुसरा मार्ग माहीत नाही.

काकांचा माझ्याशी वाद आहे. ते म्हणतात, “फोटू कसाबी काढ, पैसे देणाऱ्याला द्यायचे नसतील तर तू काय चंद्र काढून दिलास तरी देणार नाही.” आणि वर नियमही बदलले. 2025 च्या खरिपापासून राज्यात एक रुपयातला पीक विमा गेला, एकेका शेतातल्या नुकसानीवर मिळणारी भरपाई गेली, सगळं पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर आलं. मग फोटो कशाला? काकांचं निम्मं मला मान्य आहे. चांगला फोटो पैसे मिळवून देत नाही. पण वाईट फोटो ‘नाही’ म्हणणाऱ्याचं काम सोपं करतो, आणि ते काम निदान त्याला अवघड जावं एवढा आपला हक्क आहे. शिवाय पीक पाहणी आहेच, अतिवृष्टीच्या सरकारी मदतीचे पंचनामे आहेतच, बांधाची भांडणं तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

म्हणून पुराव्याच्या फोटोचं थोडं सांगतो. एक फोटो इतका लांबून घ्या की विहीर, लिंब, खांब असं काहीतरी न हलणारं त्यात येईल. मग तासाच्या उंचीवर बसून पिकाची ओळ. मग एक झाड हातात धरून. लांबून जवळ आलेली ही मालिका ‘हे याच शेतातलं आहे’ असं सांगते. नुसतं झाड कुणाच्याही शेतातलं असू शकतं. आणि तो फोटो व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवून मूळ खोडून टाकू नका. फोटोच्या पोटात तारीख, वेळ, शटर आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात. व्हॉट्सॲप फोटो बारीक करतं आणि हे पोट रिकामं करतं. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ फोनात राहू द्या. फोटोवर नकाशाचा चौकोन आणि पत्ता छापणारी ॲपं सध्या प्रत्येक ग्रामसेवकाच्या फोनात आहेत. तो छाप बघायला सोयीचा, पण शेवटी तीही रंगाचीच पट्टी, कुणीही रंगवू शकतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 63 आहे. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर तो कोणत्या यंत्रातून आला याचं प्रमाणपत्र लागतं. तिथे मूळ फाइल आणि मूळ फोन लागतो, स्टेटस नाही.

यातली सगळ्यात कामाची युक्ती मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती दादासाहेब फाळक्यांची आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा. त्याला भांडवल मिळावं म्हणून त्याच्या आधी त्यांनी एक छोटी फिल्म केली होती: कुंडीतल्या वाटाण्याचा वेल होताना. कॅमेरा एका जागी पक्का करून, थोड्या थोड्या वेळानं एकेक चित्र. पडद्यावर अंकुर फुटताना, वेल चढताना दिसला. फाळक्यांच्या कॅमेऱ्यानं राजा हरिश्चंद्राच्या आधी पीक टिपलंय, हे आपण विसरलो. जागा न हलवणं, हीच युक्ती. एकटा फोटो काहीच सिद्ध करत नाही, त्याला आधीचा फोटो लागतो. पाण्याखालचं सोयाबीन दाखवायचं असेल तर पाण्याच्या आधीचं सोयाबीन, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून काढलेलं, तुमच्याकडे हवं.

चुलतभावानं आता बांधावर एक दगड पुरलाय. पेरणीपासून दर रविवारी सकाळी नऊच्या आत, ऊन पाठीशी घेऊन, त्या दगडावर उभं राहून तो एक फोटो काढतो. एआय बंद, ब्यूटी बंद, बोट पिकावर. फोल्डरला वर्षाचं आणि गटाचं नाव. एका फोटोत काका चुकून आलेत, खांद्यावर फवारणीचा पंप घेऊन. मागे सगळी काळी माती, तरी त्यांचा चेहरा पांढरा पडलेला नाही. जसा आहे तसा आलाय, कारण पोरानं तो छोटा सूर्य खाली ओढला होता.

“ते काढून टाक,” काका म्हणाले. “मी काय पीक हाय का?”

त्यानं अजून काढलेला नाही.